पन्नाशीनंतर स्नोबोर्ड सोडायचा? का म्हणून?

तिरकीचाल
परवा 'निळीवाट' यांनी दुसऱ्या एका धाग्यावर सल्ला दिला होता: "पन्नाशी उलटली की स्नोबोर्ड बाजूला ठेवून स्की घ्यावी. कंपन्या पोरांसाठीच माल काढणार, पैसा तिथेच आहे. यात रडण्यासारखं काय?" म्हणजे दोन्ही पाय आडवे बांधायची एक फळी सोडून प्रत्येक पायाला वेगळी फळी! बऱ्याच जणांनी माना डोलावल्या. म्हटलं सोडून द्यावं, पण डोक्यातून जाईना.

पैसा पोरांकडे? लिफ्टच्या रांगेत उभं राहून एकदा खाली बघा. महागडा बोर्ड कोणाच्या पायाला असतो आणि भाड्याचा कोणाच्या? जेक बर्टनने १९७७ मध्ये व्हरमाँटमध्ये बोर्ड बनवायला घेतले. ऐंशीच्या दशकात एकेका रिसॉर्टने कुरकुरत दारं उघडली. १९९८ ला नागानोत स्नोबोर्ड ऑलिंपिकमध्ये आला. त्या काळात विशी-पंचविशीत असलेले आज पन्नाशी-साठीत आहेत. स्नोबोर्डवर म्हातारी होणारी ही पहिलीच पिढी. स्कीला आजोबा-पणजोबा होते, त्यामुळे सत्तरीतला स्कीवाला कोणाच्या डोळ्यात खुपत नाही. आमच्यात म्हातारा कसा दिसतो हेच कोणाला माहीत नाही, आणि कंपन्यांना ते दाखवायचंही नाही. कॅटलॉग उघडा: रेलवर (बर्फात रोवलेल्या दांड्यावर) घसरणारी पोरं, उडी मारताना बोर्ड पकडलेली पोरं. तीस वर्षं तेच फोटो, फक्त पँटी कधी ढगळ, कधी तंग.

मला 'ज्येष्ठांसाठी खास' बोर्ड नकोय. तक्रार बारीक गोष्टींची आहे. बोर्ड चालवून बघायला देतात त्या एका डेमोच्या तंबूत गेलो. बोर्ड हातात आला तो बाइंडिंग (बूट बोर्डाला धरून ठेवणारा साचा) पुढे +१५ अंश, मागे -१५ असा लावलेला, म्हणजे दोन्ही पावलं बाहेर फाकलेली. स्टान्सही, म्हणजे दोन पायांतलं अंतर, चांगलंच रुंद. उलटसुलट दोन्हीकडे चालवणाऱ्याला हे ठीक आहे. मी उलटा जातच नाही. ग्रूमरवर (यंत्राने सपाट केलेल्या उतारावर) एका दिशेने वळणं घेत खाली येतो, आणि मागचा पाय असा फाकवला की गुडघा आतल्या बाजूने ठणकतो. पोराला म्हटलं, पुढे +२४ कर, मागे +६, अंतरही जरा कमी. तो स्क्रूड्रायव्हर धरून माझ्याकडे बघतच राहिला. "असं कोणी लावत नाही, सर." प्रत्येक बाइंडिंगला चार स्क्रू. ढिले करायचे, मधली चकती उचलून बाइंडिंग फिरवायचं, पुन्हा आवळायचे. शेवटी मीच केलं. पण माझ्या जागी पंचावन्न वर्षांची नवशिकी बाई असती तर? दिवसभर -१५ वर चालवून संध्याकाळी गुडघा धरून बसली असती, आणि निळीवाट तिला म्हणाले असते, बघा, वय झालं!

निळीवाट
आमच्या नावाने धागा निघाला, धन्य झालो.

माझं वाक्य सोयीपुरतं उचललंत. मी नवशिक्याला लिहिलं होतं, तुमच्यासारख्या मुरलेल्याला नाही. आणि "कंपन्या बघत नाहीत" हे तर साफ खोटं. बुटाला बोआची चकती (फिरवली की बूट आवळणारी) आली २००१ मध्ये, आणि सगळ्यात आधी स्नोबोर्डच्याच बुटांवर. गोठलेल्या बोटांनी नाड्या ओढायच्या कटकटीतून कोण सुटलं? कोरुआसारख्या कंपनीने तर सगळं नाव केलं ते साध्या ग्रूमरवरच्या कार्व्हिंगवर, म्हणजे बोर्डाच्या धारेवर वळणं कापत जाण्यावर. ना रेल, ना उड्यांची हाफपाइप. बर्टनचं स्टेप ऑन हे बिनपट्ट्याचं बाइंडिंग २०१७ पासून बाजारात आहे. वाकायला नको, बर्फात बसायला नको. हे काय विशीतल्यांच्या कंबरेसाठी काढलंय?

माल सगळा आहे. तुम्हाला पोस्टरवर आपलं तोंड हवंय, एवढंच.

मनगटवाली
दोघांचंही अर्धवट. मी फिजिओथेरपिस्ट आहे, आणि माझं स्वतःचं डावं मनगट बोर्डवरच मोडलंय.

स्कीवाल्यांचे गुडघे जातात, स्नोबोर्डवाल्यांची मनगटं. हे आता सगळ्यांना माहीत आहे. दोन्ही पाय एकाच फळीला बांधलेले, एज (बोर्डाची धार) बर्फात अडकली की पाय पुढे टाकून सावरता येत नाही, हात आपोआप जमिनीकडे जातो. विशीत हे निभतं. रजोनिवृत्तीनंतर बाईचं हाड तेवढं सोसत नाही. म्हणून मला इथे प्रश्न वयाचा कमी आणि मनगटाच्या गार्डचा जास्त वाटतो. गार्डने मनगट मोडण्याचं प्रमाण कमी होतं यावर अभ्यास झालेत, वाद नाही. पण दुकानात मागितले तर मला लहान मुलांच्या कप्प्यापाशी नेलं! वर "मोठी माणसं घालत नाहीत" हे ऐकून घ्यावं लागलं.

एके काळी हेल्मेट घालणाऱ्यालाही हसायचे. मग व्हिडिओतल्या पोरांच्या डोक्यावर हेल्मेट आलं, कंपन्यांनी ते झकास रंगांत विकलं, आज बिनहेल्मेटचा माणूस शोधावा लागतो. गार्डचं असं का होत नाही? व्हिडिओतला कोणी घालत नाही म्हणून. पोस्टरवर कोणाचं तोंड आहे याने फरक पडतो तो असा, निळीवाट.

बाकी गार्ड असो-नसो, मुठी मिटून पडायला शिका. पंजा पसरून जमिनीला टेकू देऊ नका.

दोन्हीपायी
निळीवाट यांना अनुमोदन. मी पन्नाशीनंतर स्कीवर गेलो आणि सुखी आहे. माझं मनगट शाबूत होतं, गुडघाही. मला वैताग आणला तो सपाट पट्ट्याने. स्कीवाले काठ्या मारत निघून जातात, आपण मागचा पाय सोडून लंगडत बर्फ ढकलत बसतो. त्यात लिफ्टवर पुढच्या एकाच पायाला अख्खा बोर्ड लोंबकळत असतो, त्याची पीळ थेट गुडघ्यात. वर पोचलं की पुन्हा खाली बसा, पट्टे आवळा, उठा. पोटामुळे वाकताना श्वास अडकायचा हेही खरं, उगाच लपवत नाही.

यात कंपनीने काय करायचं? एकाच फळीवर आडवं उभं राहायचा हा प्रकारच तसा आहे.

भिंतफोड्या
स्कीवर जा म्हणणाऱ्यांनी एक सांगा. अमेरिकेतल्या ऑल्टा, डियर व्हॅली आणि मॅड रिव्हर ग्लेन या रिसॉर्टांत आजही स्नोबोर्ड चालत नाही. तिकडच्याच टाओस रिसॉर्टने २००८ मध्ये दार उघडलं, हे तिघे अजून अडून बसलेत. ऑल्टाची बरीचशी जमीन तर अमेरिकेच्या वनखात्याची, म्हणजे सार्वजनिक. २०१४ मध्ये स्नोबोर्डवाले कोर्टात गेले, २०१६ मध्ये अपीलही हरले. चाळीस वर्षं बोर्ड चालवलेला सत्तरीतला माणूस तिथे गेला तर गेटवरूनच परत. आणि आपण इथे बाइंडिंगचे अंश मोजतोय!

निळीवाट
आलंच ऑल्टा. कुठलाही धागा काढा, भिंतफोड्या तिथे ऑल्टा घेऊन हजर. अहो, तिथे विशीतल्या बोर्डवाल्यालाही सोडत नाहीत, वयाचा संबंध काय?

टकटक
दोन्हीपायी, स्टेप ऑन वापरलं असतंत तर स्कीवर गेलाच नसतात. लिफ्टवरून उतरायचं, उभ्या उभ्या मागची टाच दाबायची, टक टक, निघायचं. बायको आणि मी दोघं त्यावर आहोत. ती तर पट्ट्यांना कंटाळून बोर्डच विकायला निघाली होती.

पट्टेवाला
झाली भजनं सुरू.

स्टेप ऑन घ्यायचं म्हणजे बूटही त्याच जातीचा घ्यायचा. वय वाढलं की पाऊल पसरतं, अंगठ्याच्या मुळाशी हाड वर येतं. पायाला बसणारा एक बूट शोधण्यात माझे हिवाळे गेलेत. तो टाकून यांच्या खटक्यात बसेल असा बूट घालू? पट्टा तुटला तर खिशातला दुसरा लावून खाली येतो. तुमचा खटका अडकला तर काय कराल?

आणि आम्ही नव्वदच्या दशकातले लोक आहोत. केटू आणि शिमानोचे क्लिकर, तेव्हाची बिनपट्ट्याची बाइंडिंग, पाहिलेत. बुटाखाली बर्फ थापला जायचा, मग ज्याच्या-त्याच्यावर लाथा झाडत उभे. कुठे आहेत ते आज?

टकटक
क्लिकर आणि स्टेप ऑन एकच समजणाऱ्याशी काय बोलायचं! क्लिकरचा खटका तळव्याखाली होता. यात तळव्याखाली काहीच नाही. पंजाच्या दोन बाजूंना दोन आणि टाचेला एक, असे तीन ठिकाणी अडकतो. टाच अर्धवट बसली तर पहिल्या टकवरही धरून ठेवते, दुसऱ्या टकला पुरती बसते. बूट नायट्रोचेही मिळतात, डीसीचेही. आपलाच बूट हवा असेल तर निडेकरचं सुपरमॅटिक बाइंडिंग आहे, कुठलाही बूट चालतो. माहिती नसली की परंपरा आठवते माणसाला.

पट्टेवाला
सुपरमॅटिक उचलून पाहिलंय का कधी? लिफ्टवर एका पायाला लोंबकळणारं वजन, ज्याबद्दल दोन्हीपायी रडतायत, ते अजून वाढवायचं? आणि खोल ताज्या बर्फात पडलात की तुमचं टक टक कुठे जातं तेही सांगा. मांडीपर्यंत बर्फ, पंजाच्या खाचेत गोळा झालेला, खटका बसतच नाही. शेवटी तुमचा माणूस खाली बसून बोटाने बर्फ कोरत असतो. मी तोवर पट्टे ओढून निघालेलो असतो.

टकटक
मांडीभर बर्फात साठीतले किती जातात हो? ज्यांच्याबद्दल धागा आहे ते ग्रूमरवरच असतात.

तिरकीचाल
टकटक, हे कोणी ठरवलं? म्हणजे आपलेच लोक आपल्याला ग्रूमरवर कोंडणार, मग कंपन्यांना नावं ठेवून काय उपयोग.

मनगटवाली
स्वतः वर लिहिलंत "मी ग्रूमरवर वळणं घेत खाली येतो". आठवतंय ना?

हवेतगिरकी
मी चोवीस वर्षांचा. काका लोकांनो, शांतपणे विचारतोय. पार्क (कसरतींसाठी बांधलेली जागा), रेल, उड्या नसत्या तर हा खेळ जगला असता का? बोर्ड विकले जातात ते व्हिडिओ बघून. गुडघ्याला मऊ बाइंडिंग बघून पंधरा वर्षांचं कोण पोर येईल? तुमचे लाड करायचे तर नवी पिढी आणायची कोणी? एक दिवस मीही काका होईन, तेव्हा बघू.

तिरकीचाल
काका घरी, इथे नको. तुमचा जन्म व्हायच्या आधीपासून बोर्ड चालवतोय.

आणि व्हिडिओचंच म्हणाल तर ऐका. बीजिंग २०२२, स्नोबोर्ड क्रॉसची (उंचवटे-वळणांच्या वाटेवर एकत्र सुटायचं) मिश्र सांघिक शर्यत. सुवर्ण कोणी जिंकलं? निक बॉमगार्टनर, वय ४०, आणि लिंडसी जाकोबेलिस, वय ३६. ऑस्ट्रियाची क्लाउडिया रीगलर २०१५ मध्ये पॅरलल जायंट स्लॅलमची (शेजारच्या दोन वाटांवर झेंड्यांना वळसे घालत दोघींची शर्यत) जगज्जेती झाली तेव्हा ४१ वर्षांची होती, आणि त्याच बीजिंगमध्ये ४८ व्या वर्षी उतरली. यातली किती नावं तुम्हाला आधी माहीत होती? हाफपाइपवाला शॉन व्हाइट मात्र झोपेतही सांगाल. याला म्हणतात दुर्लक्ष.

हवेतगिरकी
बॉमगार्टनर माहीत होता. रीगलर नव्हती. पण ती हार्डबूटवाली (स्कीसारखे कडक बूट), लांब अरुंद फळीवर रेषा मारत जाणारी. तो वेगळाच खेळ आहे.

तिरकीचाल
वेगळा कसा? ऑलिंपिकमध्ये नागानोपासून तोच आहे. पण साध्या दुकानात हार्डबूट मागून बघा. डोनेकसारखे छोटे कारागीर अजून बनवून देतात म्हणून टिकलाय. स्नोबोर्डमधला जो प्रकार चाळिशी-पन्नाशीत मान ताठ ठेवून करता येतो, तोच बरोबर अडगळीत कसा गेला?

दोन्हीपायी
अडगळीत गेला कारण बघायला कंटाळवाणा आहे. मी हार्डबूट वापरलेत. त्यापेक्षा स्की बरी, दोन्ही पाय तरी मोकळे राहतात.

बेकरभक्त
सगळेच उगाच तापलेत. अमेरिकेतल्या माउंट बेकरची बँक्ड स्लॅलम शर्यत १९८५ पासून चालू आहे, पहिल्या वर्षी टॉम सिम्स, बोर्ड बनवणाऱ्यांतला आद्य, जिंकला होता. नामवंत आणि हौशी, पोरं आणि पिकल्या केसांचे, वयाचे गट वेगळे पण उतार एकच. बक्षीस काय तर डक्ट टेपचं रीळ. तिथे वयावरून कोणी नाक मुरडत नाही. उद्योग म्हणजे फक्त कॅटलॉग नव्हे हो.

निळीवाट
बेकरभक्त, हे बरं आठवलं. म्हणजे खेळात जागा आहे, दुकानात नाही. ठीक आहे, तिरकीचाल, एवढं देतो तुम्हाला: दुकानातल्या आणि डेमोतल्या पोरांना समोरच्याला "कसं चालवता?" एवढं विचारायला शिकवलं पाहिजे. आणि मनगटवाली यांचं गार्डचं म्हणणं पटलं. गार्ड घातलेला एक जण पोस्टरवर टाका, मी टाळ्या वाजवीन. पण साठीच्या नवशिक्याला मी अजूनही स्कीच सुचवणार.

मनगटवाली
केवढे उपकार. सुचवताना गुडघ्याच्या लिगामेंटचंही सांगा म्हणजे झालं. ते फाटल्यावर माझ्याकडेच येतात.

हवेतगिरकी
तिरकीचाल सर (काका मागे घेतला), ते +२४/+६ लावून उलटं चालवता येतं का?

तिरकीचाल
येतं, पण अवघड जातं. तुम्ही -१५ वरच राहा, तुमचे गुडघे नवे आहेत.

पट्टेवाला
मी या आठवड्यात मागचा पाय +६ वर करून बघतो. पट्टे तेच राहतील, टकटक यांनी आशा धरू नये.

टकटक
बर्फात बसून आवळा मग. आम्ही खाली पोचलेले असू.

भिंतफोड्या
ऑल्टाचं कोणीच उत्तर दिलं नाही.