विषय: जीटीआयसाठी ऑल-सीझन (बारमाही) टायर कोणते घ्यावेत?

प्रेषक: एक सभासद, एडिसन

सर्वांना सप्रेम नमस्कार.

गेल्या उन्हाळ्यात मी २०१८ सालची जुनी फोक्सवॅगन जीटीआय घेतली. तिला उन्हाळी टायर आहेत, हे मला नोव्हेंबरातल्या एका सकाळी कळले. न्यू जर्सीतल्या आमच्या रूट २७ वरच्या पहिल्याच सिग्नलला ब्रेक दाबताच एबीएस (चाके अडकू न देणारी ब्रेकची यंत्रणा) थरथरू लागले आणि गाडी पांढऱ्या रेषेच्या हातभर पुढे जाऊन थांबली. रस्ता नुसता ओला होता, बर्फाचा मागमूसही नव्हता. पुढच्या टायरची नक्षी आता ३/३२ इंच उरली आहे, मागची ६/३२ आहे. रोजचा प्रवास चाळीस मैलांचा असून हिवाळ्याचा वेगळा संच ठेवायला अपार्टमेंटमध्ये जागा नाही. गाडीची वळणावरची चपळाई शक्यतो कमी होऊ नये, अशी इच्छा आहे. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रेषक: एक सभासद, प्रिन्स्टन

सप्रेम नमस्कार.

उन्हाळी टायरचे रबर साधारण ४५ अंश फॅरनहाइटच्या खाली कडक होऊ लागते, त्यामुळे आपल्याला आलेला अनुभव अपेक्षितच होता. आपल्याकडे बर्फाचे दिवस मोजके असतात, पण थंड पाऊस मात्र मार्चपर्यंत पाठ सोडत नाही; म्हणून निवड करताना बर्फाआधी त्या पावसाचा विचार करावा, असे माझे मत आहे.

आपल्या टायरवर २२५/४०आर१८ ९२वाय असे लिहिलेले असेल. ९२ म्हणजे एका टायरची ६३० किलो भार पेलण्याची क्षमता. हा आकडा मुळीच खाली आणू नये. ताशी ३०० किलोमीटर ही वेगमर्यादा दाखवणारे ‘वाय’ हे अक्षर रूट १ च्या गर्दीत थट्टाच वाटेल, पण अशा टायरच्या भिंती सहसा ताठ असतात आणि आपल्याला हवी असलेली चपळाई बऱ्याच अंशी त्यातूनच येते.

मी दोनच नावे सुचवीन: मिशेलिन पायलट स्पोर्ट ऑल सीझन ४ आणि कॉन्टिनेंटल एक्स्ट्रीमकॉन्टॅक्ट डीडब्ल्यूएस०६ प्लस. पहिल्याचे स्टीअरिंग मला अधिक नेमके वाटले. त्याची वॉरंटी ४५,००० मैलांची आहे, तर दुसऱ्याची ५०,००० मैलांची. मी स्वतः दुसरा घेतला. त्याच्या नक्षीत डी (कोरडा रस्ता), डब्ल्यू (ओला) आणि एस (बर्फ) ही अक्षरे कोरलेली असतात. एस झिजले की बर्फावर आणि डब्ल्यू झिजले की पावसात त्याच्यावर भिस्त ठेवू नये. झीज पाहायला नक्षीत नाणे खुपसून बघण्यापेक्षा मला हे फार सोयीचे वाटते.

आपण वरचेवर पोकोनोजच्या डोंगरांत स्कीइंगसाठी जात असाल, तर मात्र मिशेलिन क्रॉसक्लायमेट २ पाहावा. त्यावर डोंगर आणि हिमकणाचे चिन्ह आहे, वरील दोन्हींवर ते नाही. अर्थात ते चिन्ह दाबलेल्या बर्फावरच्या खेचणशक्तीचे आहे, गोठलेल्या रस्त्यावर थांबण्याची हमी त्यात नाही. शिवाय वळणावर हा टायर थोडा मऊ लागतो.

प्रेषक: एक सभासद, एडिसन

सविस्तर उत्तराबद्दल मनःपूर्वक आभार. मागचे टायर बरे आहेत, तेव्हा तूर्त पुढचेच दोन बदलले तर चालेल का?

प्रेषक: एक सभासद, प्रिन्स्टन

कृपया तसे करू नये. थंडीत पुढची चाके पकड धरतील, मागची धरणार नाहीत, आणि टर्नपाइक महामार्गावरून उतरताना एक्झिटच्या ओल्या वळणावर ॲक्सिलरेटरवरून पाय उचलताच गाडीची मागची बाजू बाहेर फेकली जाईल. चारही टायर एकदमच घ्यावेत, आणि बसवण्यापूर्वी टायरच्या बाजूवर छापलेल्या डीओटी क्रमांकाचे शेवटचे चार अंक वाचावेत. ३५२३ असतील तर तो टायर २०२३ च्या ३५ व्या आठवड्यातला समजावा. दुकानदाराने फार जुना माल पुढे केला, तर निःसंकोच दुसरा मागावा.