रुमाल कोणाच्या कमरेला? : सेवेचे अनुभव

बायबलमधल्या मार्काच्या शुभवर्तमानाच्या (येशूच्या चरित्राच्या) दहाव्या अध्यायात जब्दीचे मुलगे, येशूचे शिष्य याकोब आणि योहान, त्याच्याकडे सरळ जागाच मागतात: एकाला उजवीकडे बसव, एकाला डावीकडे. मत्तयाच्या शुभवर्तमानात हीच मागणी त्यांची आई करते. बाकीचे दहा शिष्य चिडतात, आणि ते काही नम्रतेपोटी चिडले नसावेत. लूक तर त्याच्या शुभवर्तमानात सांगतो की येशूच्या शेवटच्या भोजनाच्या वेळीही ‘आपल्यात मोठा कोण’ हा वाद चालूच होता. येशू ‘मोठे होऊ नका’ म्हणत नाही. मोठं व्हायचंय ना, मग सेवक व्हा. पहिलं व्हायचंय तर सर्वांचे दास व्हा, असं म्हणतो.

हे प्रत्यक्ष घडताना तुम्ही कुठे पाहिलंय? मंडळीत (चर्चमध्ये), घरात, इस्पितळात, कुठेही. प्रवचन नको, प्रसंग लिहा. आणि शक्यतो दुसऱ्याच्या सेवेबद्दल लिहा, कारण स्वतःच्या नम्रतेची वर्णनं वाचायला फार जड जातात.

संडे स्कूल शिक्षिका

आमचे पाळकसाहेब (चर्चचे धर्मगुरू) निवृत्त झाले आणि त्याच मंडळीत राहिले. नव्या पाळकांना टेन्शन आलंच असणार. जुने पाळक मागच्या बाकावर बसून आपलं प्रवचन ऐकतायत म्हटल्यावर कोणालाही येईल. साहेबांनी संडे स्कूलच्या खोलीत खुर्च्या लावायचं काम मागून घेतलं. खुर्च्या काय, कोणीही लावतो. माझ्या लक्षात राहिलं ते वेगळंच. ती खोली त्यांच्याच काळात बांधलेली, कोपरा न् कोपरा त्यांना पाठ. तरी दर रविवारी मला विचारायचे, “बाई, आज कशा लावू?” आणि मी सांगेन तशाच लावायचे, मांडणी गैरसोयीची असली तरी. काही लोक त्यांच्याकडे नव्या पाळकांची तक्रार घेऊन गेले, तेव्हा म्हणाले, “ते त्यांनाच सांगा. मी खुर्च्यांचं बघतो.” हलकं काम मागून घेणं एक वेळ जमेल. सल्ला न देणं मला तरी जमलं नसतं.

धर्मग्रामातली (चर्चच्या पॅरिशमधली) एक वाचक

पवित्र गुरुवारी, येशूने शेवटच्या भोजनात शिष्यांचे पाय धुतले त्याची आठवण म्हणून होणाऱ्या पाय धुण्याच्या विधीसाठी पूर्वी नियमाने पुरुषच निवडले जायचे. २०१३ मध्ये पोप फ्रान्सिस रोममधल्या कासाल देल मार्मो या अल्पवयीनांच्या तुरुंगात गेले आणि त्यांनी बारा जणांचे पाय धुतले. त्यांत मुली होत्या, मुस्लिमही होते. २०१६ मध्ये नियमच बदलला आणि पुढे आमच्याकडे माझं नाव आलं.

मी घरून पाय धुऊन, टाचा घासून गेले. बाराच्या बारा जणांनी तेच केलं होतं, हे नंतर बोलता बोलता कळलं! तर असे धुतलेले पाय धुवायला फादर गुडघ्यावर बसले आणि मला पाय मागे घ्यावासा वाटला. ‘माझे पाय तू कधीच धुवायचे नाहीस’ असं येशूला म्हणणारा शिष्य पेत्र उगीच संकोच दाखवत नव्हता, हे तेव्हा पटलं. आपल्यापेक्षा मोठा माणूस खाली बसलेला बघवत नाही, कारण मग उठून आपल्यालाही कोणापुढे तरी बसावं लागणार. शिवाय त्या मेजावर येशूला पकडून देणारा यहूदाही होता. त्याबद्दल कोणी फारसं बोलत नाही.

महिला मंडळाची सदस्य

थोडं कडू लिहिते. ‘नम्र व्हा, सेवा करा’ हे आमच्याकडे ज्यांना सांगितलं जातं त्या आधीपासूनच भांडी घासत असतात. संमेलन संपलं की झाडू आमच्या हातात आणि आभारप्रदर्शन कमिटीचं. योहानाच्या शुभवर्तमानाचा तेरावा अध्याय नीट वाचा. पाय धुणं हे दासाचं काम, पण येशूने एखादा दास शोधून त्याला नम्रतेचा धडा दिला नाही. रुमाल गुरूने स्वतःच्या कमरेला बांधला, आणि मी तुमचा प्रभू व गुरू असून हे केलं, असं बजावलंही. म्हणजे आज्ञा खुर्चीवरच्यांना आहे.

मी सफाईच्या पाळ्यांची यादी केली आणि पहिली नावं कमिटीतल्या वडिलांची (मंडळीच्या पुढाऱ्यांची) घातली. बऱ्याच जणांना ऐन वेळी कामं निघाली. दोघे आले. त्यांतले एक नोकरीत मोठ्या हुद्द्यावर. ते आपणहून संडास धुवायला गेले आणि बाहेर येऊन म्हणाले, “फ्लश बंद आहे! आम्हाला कोणी सांगितलं का नाही?” सांगितलं होतं. दर मीटिंगला. दुसऱ्या दिवशी प्लंबर आला.

परिचारिका

वरचं कडू वाटलं नाही. नम्र माणूस म्हणजे गोड बोलणारा, हा समजच आधी सोडायला हवा. फादर डेमियन १८७३ मध्ये हवाईतल्या मोलोकाई बेटावर कुष्ठरोग्यांच्या वसाहतीत गेले. त्यांनी जखमा बांधल्या, घरं उभारली, शवपेट्याही ठोकल्या. शेवटी तोच आजार त्यांना झाला आणि १८८९ मध्ये ४९व्या वर्षी ते वारले. २००९ मध्ये चर्चने त्यांना संत घोषित केलं. पण माणूस हट्टी. वरिष्ठांशी त्यांचे खटके उडत.

आमच्या वॉर्डात अशीच एक धर्मभगिनी होती. तोंडाने फटकळ, डॉक्टरही टरकून असत. पण अंथरुणात घाण झालेल्या पेशंटजवळ आम्हाला पाठवण्याआधी ती स्वतः जायची, पडदा ओढायची, आणि आतून तिचा निराळाच आवाज यायचा, घरच्या माणसाशी बोलावं तसा. बाहेर आली की पुन्हा करवादणं सुरू. त्या करवादण्यामुळेच आमच्या पेशंटना धुतलेल्या चादरी वेळेवर मिळत.

कॉयरमधला (चर्चच्या गायकवृंदातला) एक

उलटा अनुभव. छान गाणाऱ्या एका मुलीला ‘नम्रता शिकू दे’ म्हणून सोलो देणं बंद केलं. मंडळी एका आवाजाला मुकली. हे ठरवणाऱ्यांचे सोलो मात्र चालू होते.

मंडळीचा जुना सभासद

कमिटीत ज्यांच्याशी माझं कधीच पटलं नाही, त्या गृहस्थांबद्दल लिहितो. माझं डायलिसिस सुरू झालं तेव्हा उपासनेनंतर सूचना दिली गेली: गाडीने कोणी ने-आण करेल का? नाव त्यांनी दिलं. मला रागच आला. वाटलं, आता हे गावभर सांगत फिरणार. त्यांनी कोणाला सांगितलं नाही. पहाटे यायचे, सीट मागे करून द्यायचे. परतताना मला उलटी झाली तर गाडी बाजूला घेऊन स्वतः पुसून काढायचे. ख्रिस्ताने स्वतःला रिक्त केलं, दासाचं रूप घेतलं, हे बायबलमधल्या, फिलिप्पैकरांना लिहिलेल्या पत्रातलं वचन मी प्रार्थनासभेत कितीदा वाचलं असेल. सेवा करून घेणाऱ्यालाही काही रिकामं करावं लागतं, हे त्या सीटवर समजलं.

मधल्या काळात मी मांडलेला एक ठराव मताला येणार होता. मला दारात सोडताना ते म्हणाले, “ठरावाला मी विरोध करणार आहे, आधीच सांगून ठेवतो. परवा सहाला येतो.”