खत टाकलं की गवताळ रानातल्या जाती कमी का होतात?

शंकेखोर:
प्रश्न बावळट वाटेल पण विचारतोच. खत टाकलं की पीक वाढतं हे सगळ्यांना माहितीये. मग कुरणाला खत दिलं की तिथल्या वनस्पतींच्या जाती कमी होतात असं वाचलं ते कसं काय? खाद्य वाढलं तर सगळ्यांचंच फावायला पाहिजे ना?

रानगवत:
दोन्ही खरंय. चाऱ्याचा भारा वाढतो, पण तो मोजक्या जातींचा. इंग्लंडात रॉथमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात पार्क ग्रास म्हणून प्रयोग आहे, १८५६ पासून चालूच आहे, लॉज आणि गिल्बर्ट या शास्त्रज्ञांनी काढलेला, आणि तेव्हा त्यांना बघायचं होतं चाऱ्याचं उत्पन्न, जातींचं वगैरे नंतर लक्षात आलं. बिनखताच्या तुकड्यांत चाळीसेक जाती सापडतात आणि जिथे अमोनियम सल्फेट (नायट्रोजनचं खत) भरपूर पडलं नि चुना पडला नाही तिथे दोन-तीन गवतं उरलीत. आणि नायट्रोजन न देता नुसतं स्फुरद-पालाश (फॉस्फरस-पोटॅश) दिलं तिथे द्विदल, म्हणजे शेंगावर्गीय वनस्पती उलट वाढल्या!

शंकेखोर:
बापरे. पण मग बाकीच्या मरतात कशाने, खताने जळतात का?

पानोपानी:
जळत नाहीत हो, सावलीत गुदमरतात. खत मिळालं की उंच वाढणाऱ्या जाती सुसाट सुटतात आणि खालच्या बुटक्यांना ऊनच मिळत नाही. २००९ साली एक भारी प्रयोग छापून आला, खत दिलेल्या गवतात खालच्या थरात चक्क ट्यूबलाइट लावल्या तर जाती टिकल्या. शेतातही हेच होतं, फक्त तिथे कोण जिंकणार ते आपण आधीच ठरवतो आणि बाकीच्यांना तण म्हणून उपटतो, म्हणून नुसतं उत्पन्नच दिसतं.

रानगवत:
सगळं उन्हावर ढकलू नका. चुना नसेल तर अमोनियम सल्फेटने माती आंबट होते, त्या दोन-तीन गवतांच्या तुकड्यात निम्मं काम आम्लानेच केलंय असं माझं मत. शिवाय जितकी वेगवेगळी अन्नद्रव्यं एकदम द्याल तितक्या जाती जास्त जातात असंही दिसलंय. कमी असलेल्या गोष्टी वेगवेगळ्या असल्या तर प्रत्येक जातीला आपापली जागा मिळते, सगळंच मुबलक झालं की ती सोय गेली.

शंकेखोर:
ओके. मग खत बंद केलं की परत येतात?

पानोपानी:
येतात पण फार हळू. आणि जायला मात्र फार खत लागत नाही, अमेरिकेत मिनेसोटाच्या सीडर क्रीक संशोधन केंद्रात हेक्टरी वर्षाला १० किलो नायट्रोजन एवढ्या कमी मात्रेनेही जाती घटल्या. आणि तिथेच असंही दिसलं की नायट्रोजनने सुरुवातीला जे उत्पन्न वाढलं होतं ते जाती गेल्यावर वर्षागणिक ओसरत गेलं, म्हणजे निव्वळ चाऱ्याचा हिशोब केला तरी फायदा घटतच गेला. खत बंद करून दरवर्षी गवत कापून उचलून न्या, तिथेच कुजू दिलं तर नायट्रोजन परत मातीतच. गेलेल्या जातींचं बी आसपास नसेल तर ते बाहेरून आणून टाकावं लागेल.