पॅराट्रान्झिटची पात्रता: अर्ध्या तासाच्या तपासणीत माणूस कळतो का?

मृण्मयी

सासूबाईंना नऊ वर्षांपासून पार्किन्सन्स आहे. त्या इथे अमेरिकेत कायमच्या आमच्याजवळ राहतात. गेल्या आठवड्यात त्यांचा पॅराट्रान्झिटचा अर्ज नामंजूर झाल्याचं पत्र आलं. तेव्हापासून मनात जे घोळतंय ते इथे मांडते.

ज्यांना ही सेवा माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. १९९० च्या अपंगत्वविषयक कायद्यानुसार (सगळे एडीए म्हणतात तो), ठरलेल्या मार्गावर बस चालवणाऱ्या सार्वजनिक संस्थेला, अपंगत्वामुळे ज्यांना ती बस वापरता येत नाही त्यांच्यासाठी वेगळी गाडी द्यावी लागते. आदल्या दिवशी फोन करून वेळ घ्यायची. बसमार्गाच्या दोन्ही बाजूंना पाऊण मैलाच्या पट्ट्यात ही सेवा मिळते आणि भाडं बसच्या दुपटीहून जास्त घेता येत नाही. पण त्याआधी पात्रता ठरवायला तपासणी होते.

आम्हाला सकाळी साडेदहाला बोलावलं होतं. सासूबाईंनी गोळी नऊला घेतली होती. गोळीचा अंमल असतो तोवर त्या तुमच्या-माझ्यासारख्या चालतात. तो उतरला की उंबरठ्याशी पाय खिळतात, मग कितीही बोला, पाऊल पुढे पडत नाही. तपासणीत व्हरांड्यातून चालवलं, खोट्या बसच्या पायऱ्या चढायला लावल्या, नकाशावरचा थांबा शोधायला सांगितला. त्यांनी सगळं करून दाखवलं. स्वभावच तसा, परीक्षा म्हटली की जीव ओतून देणार. बारा वाजता परत निघालो आणि पार्किंगमध्ये गाडीपासून दहा पावलांवर त्या थिजल्या. बघायला तिथे कोणीही नव्हतं. पत्रात लिहिलंय, ‘स्वतंत्रपणे बसने प्रवास करू शकतात’.

माझं म्हणणं एवढंच की या माणसाला घरून थांब्यापर्यंत आणि थांब्यापासून मुक्कामापर्यंत खरोखर जाता येतं का, हे कायदा विचारतो. तपासणीत मोजलं गेलं ते साडेदहा वाजता पाय चालतात का. ज्यांचा आजार दिवसातून चार वेळा रूप बदलतो त्यांची पात्रता त्यांच्या वाईट वेळेवरून ठरायला हवी.

शशांक_र

वाचून वाईट वाटलं. तरी दुसरी बाजू मांडतो, कारण मी काही वर्षं एका बससंस्थेच्या नियोजन विभागात होतो.

या कायद्यात एक गोष्ट फार कडक आहे आणि ती बाहेरच्यांना दिसत नाही. एकदा माणूस पात्र ठरला की संस्थेला त्याला ‘आज गाडी नाही’ म्हणता येत नाही. प्रतीक्षायादी चालत नाही, महिन्याला इतक्याच फेऱ्या अशी मर्यादा घालता येत नाही, दवाखान्याला आधी आणि सिनेमाला नंतर असा क्रमही लावता येत नाही. हे योग्यच आहे, मी त्याविरुद्ध नाही. पण त्यामुळे खर्चाला आवर घालायला दरवाजा एकच उरतो, तो म्हणजे पात्रता. सरकारच्या लेखापरीक्षण कार्यालयाने २०१२ साली अहवाल दिला होता, त्यात २०१० चा हिशोब होता: पॅराट्रान्झिटची एक फेरी सरासरी २९.३० डॉलरला, नेहमीच्या बसची ८.१५ डॉलरला. बहुतेक ठिकाणी हा पैसा एकाच थैलीतून येतो. ती रिकामी झाली की रात्रीची बस बंद होते, आणि त्या बसमध्येही व्हीलचेअरवरची माणसं असतात.

वाईट वेळेवरून पात्रता ठरवायची म्हटलं तर सत्तरीपुढच्या जवळजवळ प्रत्येकाला ती द्यावी लागेल. वय झालं किंवा गाडी चालवता येत नाही, एवढ्यावर ही सेवा मिळत नाही, आणि मिळूही नये.

हेमांगी

मला हा सगळा खटाटोपच पटत नाही. न्यूरॉलॉजिस्ट नऊ वर्षं ज्या बाईंना बघतोय त्याचं पत्र पुरेसं का नाही? अनोळखी माणसासमोर वृद्ध बाईला पायऱ्या चढायला लावायच्या, हा अपमान आहे. डॉक्टरांचा दाखला घ्या, शिक्का मारा, विषय संपवा.

पांढरी_काठी

हेमांगी, तुमची कळकळ पोचली. पण दाखल्यावर पात्रता ठरली असती तर माझं नुकसान झालं असतं.

मी जन्मांध आहे. रोज बसने कामावर जातो. काठी घेऊन रस्ता कसा शिकायचा याचं रीतसर प्रशिक्षण घेतलंय. निदान बघून निर्णय झाला असता तर ‘पूर्ण अंध, पात्र’ असा शिक्का बसून मी आयुष्यभर आदल्या दिवशी फोन करत राहिलो असतो. मला सशर्त पात्रता आहे. अनोळखी ठिकाणी जायचं असेल तेव्हा, आणि बर्फ साचलेला असेल तेव्हा. बर्फात पदपथाची कड काठीला लागत नाही, रस्ता कुठे सुरू झाला ते कळत नाही. एरवी मी बसचा प्रवासी. माझ्यापुरता हा निवाडा अगदी बरोबर आहे, आणि तो निदानावरून झालाच नसता.

हेही लक्षात असू द्या की इथल्या अपंग चळवळीने मूळ मागणी वेगळ्या गाडीची केली नव्हती, बसची केली होती. जुलै १९७८ मध्ये डेन्व्हरला १९ जणांनी भर चौकात बस अडवल्या आणि रात्र तिथेच काढली. बसमध्ये व्हीलचेअर चढवायची सोय नव्हती म्हणून. सगळ्यांना पॅराट्रान्झिटमध्ये बसवून द्या म्हणणं म्हणजे त्या मागणीवर पाणी सोडणं. माझी भीती हीच आहे की दुसरी गाडी आहेच म्हणून थांब्यासमोरचा पदपथ कोणी दुरुस्तच करणार नाही.

मृण्मयी

@पांढरी_काठी, तुमचा मुद्दा मान्य. म्हणूनच दाखला पुरे असं मी म्हणाले नाही. निदान सारखं असलेल्या दोन माणसांचा दिवस सारखा नसतो. पण तुमच्या अटी कोणालाही पडताळता येतात, बर्फ पडला की सगळ्यांना दिसतो. सासूबाईंचे पाय मात्र कधी खिळतील हे त्यांनाही आदल्या दिवशी सांगता येत नाही.

रानजाई

अवांतर, पण उपयोगी पडेल. भारतातून आई-वडील काही आठवड्यांसाठी येतात त्यांच्यासाठीही तरतूद आहे. बाहेरून आलेल्या अपंग व्यक्तीला वर्षभरात २१ दिवसांपर्यंत ही सेवा मिळते, त्यासाठी तिथल्या रहिवाशांसारखी पूर्ण तपासणी लागत नाही. जास्त दिवस हवी असेल तर मात्र अर्ज करावा लागतो.

वैजयंती_ओटी

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे आणि अशाच तपासण्या करते. (मृण्मयी, तुमच्या गावात नाही.) दोन्ही बाजूंशी माझं थोडं भांडण आहे.

हेमांगी, केंद्रीय वाहतूक खात्याच्या नियमांसोबतच्या स्पष्टीकरणात लिहिलंय की केवळ निदानाने पात्रता सिद्ध होत नाही. डॉक्टरांचं पत्र विचारात घेता येतं, पण प्रश्न व्यवहाराचा असतो. डॉक्टर आजार ओळखतात. थांब्यापर्यंतच्या रस्त्याला चढ आहे का, सिग्नल किती सेकंदांचा आहे, हे त्यांना कुठून ठाऊक असणार?

आता आमच्या बाजूची चूक. तोल आणि चाल तपासायला आम्ही बऱ्याचदा टिनेटीची मोजपट्टी वापरतो. ती चांगली आहे, पण माणूस पडण्याचा धोका किती, हे सांगण्यासाठी ती बनली. उन्हात वीस मिनिटं बसची वाट बघितल्यावर सहा पदरी रस्ता ओलांडता येईल का, हे तिला सांगता येत नाही. व्हरांडा सपाट असतो, थंड असतो, तिथे हॉर्न वाजत नाहीत. पार्किन्सन्सच्या माणसाला मी पहिला प्रश्न विचारते: शेवटची गोळी किती वाजता घेतली? हा रकाना आमच्या छापील अर्जात नव्हता, मी पेनाने लिहायचे. आणि अनोळखी माणूस बघत असताना हे रुग्ण नेहमीपेक्षा चांगलं चालून दाखवतात, हे मी इतक्यांदा पाहिलंय की फक्त खोलीतल्या चालण्यावर मी निर्णय देत नाही.

मृण्मयी, नामंजुरीची कारणं लेखी द्यावी लागतात, ‘पात्र नाही’ एवढं पुरत नाही. पत्रापासून किमान ६० दिवस अपिलाची मुदत असते. अपील ऐकणारा माणूस पहिल्या निर्णयात नसलेला असावा लागतो. सुनावणी पुरी होऊन ३० दिवसांत निकाल आला नाही, तर येईपर्यंत गाडी द्यावी लागते. तसंच पूर्ण अर्ज दिल्यापासून २१ दिवसांत पहिला निर्णय झाला नव्हता, तर तो येईस्तोवरही त्यांना गाडीचा हक्क होता.

दोन आठवडे नोंदवही ठेवा. गोळीची वेळ, पाय खिळल्याची वेळ, कुठे, किती मिनिटं. न्यूरॉलॉजिस्टना सांगा, निदान लिहू नका, गोळीचा अंमल उतरल्यावर काय होतं ते लिहा.

शशांक_र

वैजयंती, उत्तम माहिती. तरी माझी शंका तशीच आहे. नोंदवही घरच्यांनीच लिहायची आणि तिच्यावर निर्णय व्हायचा? तुम्ही प्रामाणिक आहात हो, पण नियम सगळ्यांसाठी असतो. सशर्त पात्रता मी मान्य करेन. बिनशर्त नाही.

वैजयंती_ओटी

सशर्त म्हणजे कोणती अट लिहाल, शशांक? ‘पाय खिळलेले असताना’? गाडी आदल्या दिवशी ठरवायची आहे. जी अट आदल्या दिवशी सांगता येत नाही ती अट कागदावरच राहते, आणि फोनवरचा कर्मचारी एक तर सगळ्या फेऱ्या देतो किंवा सगळ्या नाकारतो. माझं मत असं की बदल कधी होईल ते सांगताच येत नसेल तिथे पूर्ण पात्रता द्यावी. जिथे सांगता येतं, बर्फ, ऊन, चढ, अंधार, तिथे अटी घालाव्यात आणि प्रत्येक फेरीला मनापासून लावाव्यात. दुसरं काम महाग आहे म्हणून बऱ्याच ठिकाणी होत नाही. दरवाजा कडक करण्यापेक्षा तिथे माणूसबळ द्या.

मृण्मयी

शशांक, थैली एकच आहे हे मलाही दिसतं. पण दोन चुकांचं वजन सारखं नाही. अपात्र माणसाला चुकून आत घेतलं तर तो करील तितक्या फेऱ्यांचा खर्च तुमच्या वहीत दिसतो. पात्र माणसाला चुकून बाहेर ठेवलं तर तो घरी बसतो, आणि घरी बसलेल्याची नोंद कुठल्याच वहीत होत नाही. सासूबाई दर मंगळवारी ग्रंथालयात जायच्या. मी नोकरीवर असते. दोन महिने झाले, जाणं थांबलंय. आणि आदल्या दिवशी फोन, वर पुढे-मागे होणारी वेळ, बाकीच्यांना सोडत सोडत लांबणारा प्रवास, हे ज्याला बस जमते तो हौसेने कशाला पत्करेल?

शशांक_र

वहीत न दिसणाऱ्या माणसांचा मुद्दा मला नाकारता येत नाही. आमच्या बैठकांमध्ये नामंजुरीचा आकडा ‘बचत’ म्हणून मांडला जायचा, त्या माणसांचं पुढे काय झालं असं मीही कधी विचारलं नाही. पण बिनशर्तबद्दल माझं मत बदललेलं नाही. दहा टक्के घरांनी जरी नोंदवही फुगवून लिहिली, तरी तपासणी करणाऱ्याकडे ती खोडायला काय साधन आहे?

मृण्मयी

अपील दाखल केलंय. पुन्हा तपासायचं असेल तर दुपारी साडेतीनची वेळ द्या, असं पत्रात लिहिलं. दुपारची गोळी चारची असते.

शशांक_र

मग तीही एकच वेळ झाली ना, फक्त उलट बाजूची. सकाळचा निर्णय चुकीचा असेल तर निव्वळ साडेतीनचाही चुकीचाच.

वैजयंती_ओटी

शशांक बरोबर बोलताहेत. मृण्मयी, दोन्ही वेळा मागा. एकदा गोळीनंतर तासाभराने, एकदा गोळीच्या आधी अर्धा तास, आणि दुसऱ्या वेळी खोलीत नको, खऱ्या थांब्यापर्यंत चालून दाखवायचं म्हणा. तपासणीला यायला-जायला गाडी संस्थेने विनामूल्य द्यायची असते, तेही पत्रात घाला.

मृण्मयी

घालते. थांबा घरापासून चार घरं सोडून आहे, मध्ये एक चढ. आज दुपारी पावणेचारला त्यांच्यासोबत चालून पाहिलं, चढापर्यंत पोचलो. वेळ वहीत लिहिली आहे.