प्रतिसाद: दाटलेली कर्दळ कधी फोडावी?

ताई, तुमची कर्दळ दाटलीये, फुलं बारीक येताहेत, हे खरं. पण मे महिन्यात तिला हात लावू नका. आपल्या जळगावकडे पारा ४५ अंशांजवळ जातो, ताजी कापलेली मुळं टिकत नाहीत. मृगाचा पाऊस पडून वाफसा आला, म्हणजे माती ओलसर पण चिकट नसेल, की काढा. आमची तापीकाठची काळी माती ओली असताना उकरली तर ढेकळं होतात आणि कंद तुटतात.

कुदळ बुंध्यापासून वीतभर लांब मारा. मधला जुना, पोकळ कंद सरळ फेकून द्या, जीव अडकवू नका. कडेच्या प्रत्येक तुकड्याला दोन-तीन फुगीर, लालसर डोळे, म्हणजे कोंब फुटायच्या जागा, हव्यात. कापलेल्या जागी चुलीतली राख चोळा. पानं अर्धी छाटून दीड फुटावर लावा. निशिगंधाचंही दर दोन-तीन वर्षांनी असंच करा.