मदत हवी आहे : मेंदूतील रक्तस्रावावर नाकावाटे औषध, उंदरांवरील चाचणीची आखणी

नमस्कार. मी कोल्हापुरात औषधनिर्माणशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण घेत असून, मेंदूतील रक्तस्रावानंतर येणारी सूज नाकावाटे दिलेल्या औषधाने कमी होते का, हे विस्टार जातीच्या उंदरांवर तपासण्याचा प्रस्ताव प्राणी नैतिकता समितीपुढे ठेवणार आहे.

पहिली अडचण रक्तस्राव घडवण्याच्या पद्धतीची आहे. कोलॅजिनेज (रक्तवाहिन्यांच्या भिंतीतील कोलॅजेन तोडणारे विकर, म्हणजे एन्झाइम) मेंदूत टोचल्यास रक्तवाहिन्या खरोखर फुटतात, परंतु ते विकर स्वतःच दाह वाढवते; उलट प्राण्याचेच रक्त मेंदूत सोडल्यास हा दोष टळतो, पण वाहिनी फुटण्याची क्रिया घडत नाही. सूज साधारण तिसऱ्या दिवशी सर्वाधिक असल्याने मोजणी तेव्हाच करावी, असे मला वाटते.

दुसरी अडचण अधिक गंभीर आहे. गंधचेता (वासाची नस) व त्रिधारा चेता (चेहऱ्याच्या व नाकाच्या संवेदनेची नस) यांच्या मार्गाने औषध रक्त-मेंदू अडथळा (रक्तातील बरेच पदार्थ मेंदूत जाऊ न देणारे आवरण) टाळून आत जाते, असे गृहीत धरले, तरी त्याचा काही भाग गिळला जातो आणि काही रक्तात शोषला जातो. म्हणून तीच मात्रा शिरेतून दिलेला गट आणि नाकात केवळ सलाइन दिलेला गट, असे दोन्ही नियंत्रण (तुलनेसाठीचे) गट पुरेसे ठरतील का? शिवाय उंदराच्या नाकाच्या अस्तराचा जवळपास निम्मा भाग गंधग्राही असतो, माणसात तो दहा टक्क्यांहूनही कमी. निष्कर्ष लिहिताना हा फरक कसा मांडावा?

भूल दिलेल्या उंदराला थेंब देताना श्वास गुदमरू नये म्हणून एका वेळी किती मायक्रोलिटर द्यावे, हेही अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.