मदत हवी आहे: कंपनीने कोणत्या पक्षाला देणगी दिली हे ताळेबंदातून कसे कळेल?

नमस्कार मंडळी. डिचोलीत आमच्या ग्रामसभेपुढे एका कंपनीच्या प्रकल्पाचा विषय येतोय. तिने कोणत्या पक्षाला किती पैसे दिले, हे गावाला आधी कळायलाच हवे असे मला मनापासून वाटते.

15 फेब्रुवारी 2024 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने निवडणूक रोखे रद्द केले. कंपन्यांच्या राजकीय देणग्यांबद्दलच्या कंपनी कायद्याच्या कलम 182 मधली 2017 ची सूटही (पक्षाचे नाव न दाखवण्याची) त्याच निकालात गेली. म्हणजे माझ्या समजुतीप्रमाणे नफा-तोटा पत्रकात पक्षाचे नाव आणि रक्कम दोन्ही दाखवावी लागतात.

निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावरचे पक्षांचे देणगी अहवाल (20,000 रुपयांवरच्या देणग्यांचे) पाहून झाले. तिथे कंपनीचे नाव नाही. कंपनी मंत्रालयाच्या पोर्टलवरून फी भरून 2024-25 चा एओसी-4 (कंपनी दरवर्षी आपले हिशेब दाखल करते तो फॉर्म) काढला. त्यात पक्षाचे नाव नाहीच, फक्त 'इतर खर्च' असा एक मोठा आकडा आहे. निवडणूक न्यासांचे (कंपन्यांकडून देणग्या घेऊन पक्षांना वाटणाऱ्या संस्थांचे) अहवालही चाळले, पण न्यासात सगळ्यांचे पैसे एकत्र होतात, त्यामुळे कोणाचे कुठे गेले ते उमगत नाही.

कंपनी खाजगी आहे, शेअर बाजारात नाही. आमच्यापैकी कोणी भागधारक नाही आणि वकिलाला द्यायला पैसे नाहीत. माहिती अधिकाराचा अर्ज थेट कंपनीला लागू होत नाही, हे ठाऊक आहे.

कोणी सीए किंवा कंपनी सेक्रेटरी असाल तर सांगा: न्यासाला दिलेली रक्कमही कलम 182 खाली वेगळी दाखवावी लागते का? आणि भागधारक नसलेला माणूस पणजीच्या कंपनी निबंधकांकडे याबद्दल तक्रार करू शकतो का?